हॉटेलमधील विद्युत वाहनांचे चार्जिंग आणि कायदेशीर दायित्व : भारतीय कायद्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विजेवर चालणाऱ्या मोटारींची संख्या जसजशी वाढू लागली तसतसा प्रवासाच्या नियोजनात एक नवा प्रश्न दाखल झाला : मुक्कामाच्या ठिकाणी गाडी चार्ज होईल काय? पेट्रोलची टाकी वाटेत पाच मिनिटांत भरून घेता येते. विद्युत मोटारीची बॅटरी साध्या जोडणीवरून भरावयाची तर आठ-दहा तास हाताशी असावे लागतात, आणि प्रवाशाला सलग एवढा वेळ मिळतो तो रात्री, हॉटेलातच. म्हणून पोहण्याचा तलाव आणि न्याहारी यांच्या जोडीने आता ‘चार्जिंगची सोय’ हे शब्द हॉटेलांच्या जाहिरातीत दिसू लागले आहेत. (मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द चहा-मिसळीच्या दुकानालाही चालतो. प्रस्तुत लेखात निवासाची सोय असलेले हॉटेल, लॉज आणि घरगुती निवास एवढाच अर्थ अभिप्रेत आहे.)

जाहिरातीत एक ओळ घालणे सोपे आहे; परंतु त्या ओळीतून उत्पन्न होणारे दायित्व सोपे नाही. चार्जिंग चालू असताना गाडीने पेट घेतला, सदोष अर्थिंगमुळे कोणाला विजेचा धक्का बसला, बॅटरी कायमची निकामी झाली किंवा शेजारच्या पाहुण्याची गाडी जळाली, तर नुकसान कोणी भरून द्यावयाचे? हॉटेलने, चार्जर बसविणाऱ्या कंपनीने, मोटारीच्या उत्पादकाने, की खुद्द गाडीमालकाने? ‘हॉटेलातील चार्जिंग’ या नावाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. करार कायदा, ग्राहक संरक्षण कायदा, वीज कायदा, अपकृत्याचा कायदा आणि मोटार वाहन कायदा यांच्यातून उत्तर जुळवून काढावे लागते. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे आहे की, हे दायित्व वाहनतळावरील फलकाच्या मजकुरावरून ठरत नाही. गाडीचा ताबा कोणाकडे होता आणि वीज कोणाच्या तारेतून आली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते. हॉटेलचालकांचे लक्ष मात्र बहुधा फलकावरच असते.

परवान्यातून सुटका आणि ग्राहक कायद्यात प्रवेश

वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२ अन्वये परवान्याशिवाय कोणालाही विजेचे पारेषण, वितरण वा व्यापार करता येत नाही. मग हॉटेलने महावितरणकडून घेतलेली वीज पाहुण्याच्या गाडीत भरून त्याचे पैसे घेतले, तर तो विनापरवाना विजेचा व्यापार होतो काय? ही शंका केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ च्या स्पष्टीकरणाने दूर केली. चार्जिंग केंद्र हे पारेषण, वितरण वा व्यापार यांपैकी काहीही करीत नाही. ते बॅटरी भरून देण्याची सेवा पुरविते, सबब परवान्याची आवश्यकता नाही, अशी भूमिका त्यात घेण्यात आली. डिसेंबर २०१८ मध्ये प्रसृत झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि त्यानंतरच्या सुधारणांत, सप्टेंबर २०२४ मधील नव्या तत्त्वांसह, हीच भूमिका कायम राहिली आहे.

हॉटेल व्यवसायाने या स्पष्टीकरणाचे स्वागत करणे स्वाभाविक होते. तथापि ज्या शब्दाने हॉटेलची परवान्यातून सुटका झाली तो शब्द ‘सेवा’ हा आहे, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ची सारी इमारत याच शब्दावर उभी आहे. त्या अधिनियमाच्या कलम २(४२) मधील सेवेच्या व्याख्येत निवास-भोजनाच्या सोयीचा जसा उल्लेख आहे तसाच वीज वा अन्य ऊर्जेच्या पुरवठ्याचाही आहे. म्हणजे चार्जिंगला सेवा म्हणा वा वीजपुरवठा म्हणा, कोणत्याही वाटेने गेले तरी मुक्कामाचे ठिकाण एकच. सेवेच्या दर्जात उणीव राहिली तर ती ‘त्रुटी’ ठरते आणि भरपाईचा प्रश्न निर्माण होतो.

येथे एक बचाव नेहमी पुढे केला जातो. विनामूल्य दिलेली सेवा कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. आम्ही चार्जिंगचे पैसे घेत नाही. म्हणून आमच्यावर दायित्व नाही. वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु खोलीच्या भाड्यात न्याहारी ‘मोफत’ असते, तेव्हा ती खरोखर मोफत नसते हे पाहुणा आणि मालक दोघेही जाणतात. पुढे ज्या निर्णयाची सविस्तर चर्चा केली आहे त्यात सर्वोच्च न्यायालयाने वाहन उभे करून देण्याच्या सोयीबाबत हाच विचार मांडला : अशा सोयीचे मूल्य हॉटेलच्या इतर सेवांच्या दरातच अंतर्भूत असते. चार्जिंगची सोय पाहून पाहुणा हॉटेल निवडतो, त्या अर्थी तिचा मोबदला त्याने दिलेलाच असतो. मुक्काम न करता केवळ ओळखीवर फुकट गाडी जोडणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला ग्राहक कायद्याचा आधार बहुधा मिळणार नाही, अपकृत्याच्या सर्वसाधारण कायद्याकडे जावे लागेल.

किल्ली कोणाच्या हाती?

१ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीतील ताजमहाल हॉटेलात एक पाहुणा मारुती झेन गाडीने आला. किल्ली त्याने हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे दिली आणि पावती घेतली. वाहन पाहुण्याच्या स्वतःच्या जोखमीवर उभे केले जात असून चोरी वा नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार नाही, अशी अट पावतीवर छापलेली होती. मध्यरात्रीनंतर तो परतला तेव्हा गाडी जागेवर नव्हती. तिघा तरुणांपैकी एकाने तेथील किल्ली उचलून ती पळविली होती. विमा कंपनीने गाडीमालकाचा दावा २ लाख ८० हजार रुपयांना मिटविला आणि मग गाडीमालकासह हॉटेलविरुद्ध ग्राहक मंचाकडे धाव घेतली. हे प्रकरण एकवीस वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयात संपले. न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या पीठाने हॉटेलचे अपील फेटाळले.

सदर निर्णयाचा पाया भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील निक्षेपाच्या तरतुदी हा आहे. विशिष्ट हेतूने एखादी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू पूर्ण होताच ती परत मिळावी असा करार असणे, म्हणजे निक्षेप. इंग्रजीत यालाच बेलमेंट म्हणतात. कलम १५१ प्रमाणे वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशाच स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे. न्यायालयाने पहिली गोष्ट अशी सांगितली की, स्वतःच्या वा नोकरांच्या निष्काळजीपणाचे दायित्व हॉटेलला छापील अटीने टाळता येणार नाही. दुसरी गोष्ट चार्जिंगच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे : गाडी सुखरूप परत मिळाली नाही, तर निष्काळजीपणा झाला नाही हे प्रथमतः हॉटेलने दाखवावयाचे आहे. तो भार पेलल्यानंतरच पावतीवरील अटीकडे पाहता येईल.

इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात सरायवाल्याचे दायित्व याहून कडक होते. पाहुण्याच्या मालाचा तो जणू विमेदारच समजला जाई. मात्र तेथील १९५६ च्या हॉटेल मालक कायद्याने मोटारी आणि त्यांतील सामान या कडक दायित्वातून वगळले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कडक दायित्व भारतीय हॉटेलांवर लादणे नाकारले आणि पुराव्याचा भार हॉटेलवर ठेवणारा मधला मार्ग स्वीकारला. लहान हॉटेलांचा विचार करता हा मार्ग न्याय्य आहे असे वाटते.

आता हाच नियम चार्जिंगला लावून पाहू. पाहुण्याने किल्ली दिली, कर्मचाऱ्याने गाडी नेऊन चार्जरला जोडली, आणि पहाटे गाडी जळालेली आढळली. येथे निक्षेप झालाच आहे, आणि त्याचा हेतू गाडी केवळ उभी करणे एवढा मर्यादित नसून ती भरून देणे हाही आहे. जोडणी योग्य होती, यंत्र तपासलेले होते, रात्री कोणी लक्ष ठेवले होते, हे सारे हॉटेलने सिद्ध करावे लागेल.

पाहुण्याने स्वतः गाडी उभी केली, स्वतःच केबल जोडली आणि किल्ली खिशात घालून तो खोलीवर गेला, तर चित्र पालटते. नुसती जागा वापरू देणे म्हणजे ताबा घेणे नव्हे. उपरोक्त निर्णय कर्मचाऱ्याकडे गाडी सोपविण्याच्या वस्तुस्थितीवर उभा आहे. तो जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही. परंतु विद्युत मोटारीत एक बारकावा आहे. बहुतेक मोटारींत चार्जिंग चालू असताना केबल गाडीत कुलूपबंद होते, आणि ती वीज बंद करण्याचा मुख्य खटका हॉटेलच्या वीजखोलीत असतो. किल्ली पाहुण्याकडे, खटका हॉटेलकडे! गाडीचा ताबा घेतला नाही असे हॉटेल म्हणू शकेल. विजेचा ताबा आपल्याकडे नव्हता असे त्याला म्हणता येणार नाही.

निक्षेपाच्या प्रकरणातील कलम १५० कडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वस्तूतील जो दोष ठेवणाऱ्यास ठाऊक आहे आणि ज्यामुळे ताबा घेणाऱ्यावर असाधारण संकट ओढवू शकते, तो त्याने सांगितलाच पाहिजे. गाडीचा तळ दगडावर आपटून बॅटरीच्या कवचाला चीर गेली आहे, किंवा दुचाकीत बाहेरून घेतलेली बॅटरी बसविली आहे, हे माहीत असूनही पाहुणा गप्प राहिला आणि त्यातून हॉटेलचे नुकसान झाले, तर भरपाई पाहुण्याने द्यावयाची आहे. दायित्वाची वाट दुहेरी आहे.

तारेचा मालक

वीज ही स्वभावतः धोकादायक वस्तू होय. मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या २००२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयापुढे असलेली वस्तुस्थिती बोलकी आहे. पावसाळ्यातील एका रात्री सायकलवरून घरी परतणाऱ्या कामगाराचा रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने मृत्यू झाला. कोणी तिऱ्हाइताने वीजचोरीसाठी ती तार ओढली होती, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो अमान्य केला. एवढी धोकादायक शक्ती पुरविणाऱ्याचे दायित्व कठोर असते. त्याने निष्काळजीपणा केला नाही एवढ्याने ते संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हे कठोर दायित्व हॉटेलला लागू करावे काय? याबाबत मतभेद संभवतात. वीज मंडळ हे सार्वजनिक मार्गावर तारा टाकणारे पुरवठादार. हॉटेल हे मीटरच्या अलीकडचे एक ग्राहक. माझ्या मते मीटरच्या अलीकडील तार, खटका व सॉकेट हॉटेलच्याच नियंत्रणात असल्याने, आणि तो पुरवठा बाहेरच्या व्यक्तींच्या वापरासाठी हेतुतः खुला केलेला असल्याने, वितरण कंपनीकडे बोट दाखविणे हॉटेलला कठीण जाईल. मात्र हॉटेलला वीज मंडळाच्या पंक्तीस बसविणे ही अतिशयोक्ती ठरेल. त्याचे दायित्व निष्काळजीपणाच्याच निकषावर, पण उच्च दर्जाच्या काळजीच्या अपेक्षेने तोलले जाणे योग्य.

ही काळजी म्हणजे नेमके काय, हे आता मोघम राहिलेले नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा विनियमांत २०१९ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले, आणि २०२३ मध्ये नव्याने आलेल्या विनियमांतही ते आहे. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे, गाडी चार्जिंग बिंदूपासून ५ मीटरच्या आत उभी करता यावी, अतिभारापासून संरक्षण असावे, ३० मिलिअॅम्पिअर गळतीवर पुरवठा तोडणारे उपकरण असावे, हलते सॉकेट वापरू नये, आणि जोडकेबल वा एक्स्टेंशन लावू नये, अशा त्यातील अटी आहेत. शेवटची अट वाचून अनेक हॉटेलव्यवस्थापकांना खिडकीतून सोडलेला वा स्वागतकक्षातून ओढलेला एक्स्टेंशन बोर्ड आठवेल. पाहुण्याची अडचण पाहून सौजन्याने पुढे केलेला तो बोर्ड न्यायालयात निष्काळजीपणाचा सर्वांत भक्कम पुरावा होऊ शकतो. कायद्याने घालून दिलेल्या सुरक्षा-नियमाचा भंग झाला असेल, तर सामान्य शहाणपणाच्या मनुष्याने काय केले असते याचा शोध दूरवर घ्यावा लागत नाही.

यामागील तांत्रिक कारण समजण्याजोगे आहे. १५ अॅम्पिअरचे साधे सॉकेट २३० व्होल्टवर सुमारे साडेतीन किलोवॅट भार पेलते. पाणी तापविण्याचा गीझर असा भार दहा-पंधरा मिनिटे घेतो आणि थांबतो. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी रिकामी असेल तर मोटार तोच भार सलग नऊ-दहा तास घेते. सैल स्क्रू, जुनी अॅल्युमिनियमची तार, काळवंडलेली पिन यांत उत्पन्न होणारी उष्णता गीझरच्या बाबतीत निवून जाते. मोटारीच्या बाबतीत ती रात्रभर साचत राहते. अशा वेळी आग गाडीतून नव्हे, भिंतीतून सुरू होते. ‘बॅटरीने पेट घेतला’ असे सरसकट म्हणण्याची घाई म्हणूनच टाळली पाहिजे.

वाहनतळाची जागा हाही दायित्वाचाच भाग आहे. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेली आग तळमजल्यावरील वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुरू झाली, लगत उभ्या केलेल्या मोटारींनी पेटली आणि धूर बाल्कनीत कोंडून ५९ जणांचा बळी गेला. २०११ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या मालकांवर आणि १५ टक्के दिल्ली वीज मंडळावर टाकला. आगीची ठिणगी वीज मंडळाच्या यंत्रातली होती. तरीही जागेची मांडणी, वाहने कोठे व किती उभी करावयाची आणि लोकांना बाहेर पडावयास वाट ठेवावयाची की नाही, हे ज्याच्या हाती होते त्याचा वाटा मोठा ठरला. हॉटेलच्या तळघरात चार्जर बसविणाऱ्याने या आकड्यांचे मनन करावे. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबाद येथे एका हॉटेलच्या इमारतीत खालच्या भागातील विद्युत दुचाकींच्या विक्रीकेंद्राला आग लागली. धूर जिन्याने वर चढला आणि ८ जणांचा मृत्यू झाला. तेथे हॉटेलने पाहुण्यांना दिलेल्या चार्जिंगचा प्रश्न नव्हता. परंतु धुराला जिना सापडतो तेव्हा खाली कोणाचे दुकान होते हा भेद वर झोपलेल्यांच्या कामी येत नाही.

अशा दुर्घटनेत फौजदारी जबाबदारीही उद्भवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे, आणि कलम २८७ प्रमाणे आग वा ज्वालाग्राही पदार्थाबाबत निष्काळजी वर्तन, हे अपराध आहेत. वीज अधिनियमाच्या कलम १६१ खाली अपघाताची सूचना देणेही बंधनकारक आहे. माणूस वा जनावर दगावले किंवा जखमी झाले तर ‘आपसात मिटविले’ एवढ्याने हॉटेलचे काम संपत नाही.

जागा हॉटेलची, यंत्र दुसऱ्याचे

मोठ्या हॉटेलांत चार्जर बहुधा हॉटेलच्या मालकीचा नसतो. एखादी चार्जिंग कंपनी जागा घेते, यंत्र बसविते, मोबाइल अॅपवरून पैसे घेते आणि उत्पन्नातील वाटा हॉटेलला देते. या व्यवस्थेत हॉटेल स्वतःला केवळ जागामालक समजते. पाहुण्याच्या दृष्टीने मात्र चित्र वेगळे असते : जाहिरात हॉटेलची, दरवान हॉटेलचा, जागा दाखविणारा कर्मचारी हॉटेलचा. दोघांमधील करारात दायित्व कंपनीवर टाकलेले असले, तरी तो करार त्या दोघांपुरता. पाहुणा त्यात पक्षकार नाही. त्याने दोघांनाही प्रतिवादी केले तर त्याला अडविता येणार नाही. हॉटेलने पाहुण्यास भरपाई द्यावी आणि मग करारान्वये ती कंपनीकडून वसूल करावी, हा क्रम. अशा करारात कंपनीने विमा काढल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी हॉटेलला द्यावे अशी एक अट असणे, दहा पानी क्षतिपूर्तीच्या कलमापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. बंद पडलेल्या कंपनीकडून वसुली होत नाही.

यंत्रातच उत्पादनदोष असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियमाचे उत्पादन-दायित्वाचे सहावे प्रकरण पुढे येते. कलम ८४ उत्पादकास, ८५ सेवा देणाऱ्यास आणि ८६ विक्रेत्यास जबाबदार धरण्याच्या परिस्थिती सांगते. हॉटेलचा संबंध कलम ८५ शी : सेवा सदोष वा अपुरी होती, धोक्याची माहिती रोखून ठेवली, पुरेशा सूचना दिल्या नाहीत. म्हणजे फलक हवाच. परंतु ‘आपल्या जोखमीवर’ असे सांगणारा नव्हे, तर सॉकेटची क्षमता किती, कोणती गाडी जोडू नये आणि आपत्कालीन खटका कोठे आहे हे मराठीत स्पष्ट सांगणारा.

कोकणातील वा डोंगराळ भागातील घरगुती निवासांचे काय? तेथे घराच्याच जोडणीवरून ओटीवरच्या सॉकेटला गाडी लावली जाते. काळजीचे माप व्यवसायाच्या आकारानुसार काहीसे बदलेल, कारण कलम १५१ ‘सामान्य शहाणपणाच्या मनुष्या’विषयी बोलते, तारांकित हॉटेलाविषयी नव्हे. पण अर्थिंग नसलेले सॉकेट देणे हे कोणत्याही मापाने शहाणपणाचे नाही. महाविद्यालयांच्या अतिथिगृहांनाही हे तितकेच लागू आहे. चर्चासत्रासाठी आलेल्या बाहेरगावच्या प्राध्यापकाची गाडी प्रयोगशाळेच्या खिडकीतून आलेल्या वायरवर लावून देणारा शिपाई संस्थेच्या वतीनेच ते करीत असतो.

आणखी एका व्यक्तीचा विचार आपल्याकडे करावाच लागेल. प्रवासी मोटारींचे चालक पुष्कळदा रात्री गाडीतच झोपतात; हॉटेले त्यांच्यासाठी निजण्याची सोय क्वचितच करतात. चार्ज होत असलेल्या गाडीत झोपलेला चालक हा हॉटेलचा पाहुणा नाही, बिलही त्याच्या नावे नाही. तरी तो हॉटेलच्या आवारात संमतीने आलेला आहे आणि तेथे माणसे झोपतात हे हॉटेलला ठाऊक आहे. ज्ञात धोक्यापासून त्याला वाचविण्याचे कर्तव्य हॉटेलवर राहतेच. गाडीत झोपण्यास मनाई करून त्याला खोली न देणे, हा त्या कर्तव्याचा निव्वळ देखावा होईल.

मोटार विमा आणि ‘वापर’ या शब्दाचा अर्थ

मोटारीच्या प्रचलित सर्वसमावेशक विम्यात आग, स्फोट, स्वयंप्रज्वलन आणि वीज पडणे यांपासूनच्या नुकसानीचा अंतर्भाव असतो. यांत्रिक वा विद्युत बिघाड मात्र वगळलेला असतो. म्हणजे गाडी जळाली तर विमा कंपनी पैसे देईल, चार्जरमधील दाबाच्या चढउताराने केवळ आतील नियंत्रक निकामी झाला तर बहुधा देणार नाही. दुसऱ्या प्रसंगी पाहुण्याचा एकमेव आधार हॉटेल वा चार्जिंग कंपनी. पहिल्या प्रसंगीही हॉटेलची सुटका नाही, कारण पैसे देताच पाहुण्याचे हक्क विमा कंपनीकडे जातात आणि तीच हॉटेलच्या दारात उभी राहते. झेनच्या प्रकरणात नेमके हेच घडले होते. पाहुणा विसरतो, विमा कंपनी विसरत नाही.

शेजारच्या गाडीचे वा माणसाचे नुकसान झाले तर? येथे महाराष्ट्रातील एका प्रकरणाचा उपयोग होतो. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे राष्ट्रीय महामार्ग ४ वर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर रस्त्याखाली कलंडला. सुमारे चार तासांनी त्याचा स्फोट झाला आणि जमलेल्या माणसांपैकी काही भाजून मरण पावले. त्या वेळी टँकर निश्चल पडलेला होता. मग हा अपघात मोटारीच्या ‘वापरा’तून झाला असे कसे म्हणावे? शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे या १९९१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ‘वापर’ या शब्दाला व्यापक अर्थ दिला : वाहन चालू नसतानाही ते वापरात असू शकते. या तत्त्वानुसार चार्जिंगला लावलेली मोटारही वापरात आहे असे म्हणता येईल, कारण चार्जिंग हे पुढील प्रवासाचेच अंग आहे. तसे झाल्यास तिऱ्हाईत जखमींना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येईल. विमा कंपनी अर्थातच हॉटेलचे आवार ‘सार्वजनिक स्थान’ नाही असे म्हणेल. बाहेरच्या कोणालाही जेवणासाठी प्रवेश असलेल्या हॉटेलचा वाहनतळ आणि केवळ निवासी पाहुण्यांसाठी फाटक असलेला वाहनतळ, यांत न्यायाधिकरणाने फरक केला तर आश्चर्य वाटू नये.

मंच, पुरावा आणि मुदत

पाहुण्याच्या दृष्टीने ग्राहक आयोगाचा मार्ग सर्वांत जवळचा आहे. २०१९ च्या अधिनियमाखाली आयोगाचे आर्थिक अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावरून ठरते, आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. हॉटेलचे बिल आठ हजारांचे असेल तर वीस लाखांच्या गाडीचीच काय, मृत्यूच्या भरपाईची तक्रारही जिल्हा आयोगातच दाखल होईल. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीची वैधता मान्य केली. त्या निर्णयातील एक प्रकरण मोटारीला आग लागून झालेल्या मृत्यूचेच होते. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. गोव्यातील हॉटेलात गाडी जळालेल्या पुणेकराला म्हणून पणजीस खेटे घालावे लागत नाहीत. हॉटेललाच पुण्यास यावे लागते. केवळ पावतीवरील अट अनुचित करार म्हणून रद्द करून घ्यावयाची असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते.

यापुढील सारा खेळ पुराव्याचा आहे. आधुनिक चार्जर प्रत्येक सत्राची नोंद ठेवतो : प्रवाह केव्हा सुरू झाला, किती होता, केव्हा व कशामुळे तुटला. मोटारीतील बॅटरी नियंत्रकही तापमानाच्या नोंदी ठेवतो, परंतु त्या उत्पादकाच्या हाती असतात. भिंतीवरील साध्या सॉकेटला स्मृती नसते. तेथे रखवालदाराचा जबाब आणि जळक्या तारेचा तुकडा एवढेच उरते. पुराव्याचा भार हॉटेलवर असताना नोंद नसणे हे हॉटेलच्याच विरुद्ध जाते. प्राधिकरणाच्या विनियमांत तपासणीच्या नोंदी सात वर्षे जपण्याची अट आहे, ती या दृष्टीने ओझे नसून हॉटेलची ढाल आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत कलम ६९ अन्वये दोन वर्षांची. वाहनतळावरील कॅमेऱ्याचे चित्रण मात्र बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत नव्या चित्रणाखाली पुसले जाते. त्यामुळे घटना घडताच पाहुण्याने चित्रण आणि चार्जरच्या नोंदी राखून ठेवण्याची लेखी मागणी हॉटेलकडे व चार्जिंग कंपनीकडे करावी, तिची पोच घ्यावी, आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी जळालेली केबल हलवू देऊ नये.